बराक नऊ, खाट दोन

बहारीनला तेवीस वर्षं होतो म्हटलं की लोक आधी सोन्याचं विचारतात. मी सांगते, सोनं काही आणलं नाही, एक कागद आणला. तो चौकटीत बसवून ओटीवर लावलाय. खाली इंग्रज कॅप्टनची सही आहे. आमच्या धुलाईखान्यातून आठ वर्षांत एकही कपडा हरवला नाही आणि एकही चुकीच्या माणसाकडे गेला नाही, असं त्यात लिहिलंय. वाचून दाखवताना अजून माझी मान ताठ होते. आम्ही जातीचे परीट. सासऱ्यांनी देवळालीच्या छावणीत जन्मभर गोऱ्यांचे कपडे धुतले, पण असा कागद त्यांनाही मिळाला नव्हता.

इंग्रज फौजेचा कॅम्प बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर होता, झल्लाकच्या अलीकडे. आम्ही राहायचो मनामात, नईमच्या एका गल्लीत. पहाटे लॉरी यायची. तिच्या मागच्या बाकावर माझे यजमान रावजी, मी आणि राजापूरचे मुख्तारभाय. मुख्तारभाय कॅम्पात स्टोअरकीपर होते. तासाभरात खजुरीच्या बागा संपायच्या आणि समोर समुद्र दिसायचा. तोही आपल्या कोकणासारखा नव्हे. उथळ, हिरवट, गाज नसलेला. ओहोटीला अर्धा मैल चिखल उघडा पडायचा आणि त्याचा वास दुपारपर्यंत इस्त्रीच्या खोलीत बसून राहायचा.

किनाऱ्याकडे एका ओळीत आठ बराकी होत्या, पत्र्याच्या, पांढरा रंग दिलेल्या. विलायतेहून पलटणी यायच्या आणि सहा आठवडे वाळूत लढायचं शिकून परत जायच्या. आली की आठवड्यात ती पोरं उकडलेल्या चिंबोऱ्यांसारखी लाल व्हायची. त्यांचे खाकी कपडे आमच्याकडे यायचे, घामानं आणि वाळूनं लाकडासारखे ताठ झालेले.

खुणा घालायचं काम माझं. आमच्यात तो नियमच आहे, खूण घालणारा हात एकच हवा. लांज्याहून बिब्बे मागवायचे, वातीवर शेकायचे, दाभणानं टोचायचे आणि निघालेल्या तेलानं कॉलरच्या आत खूण करायची. वरून चुन्याचं बोट. मग कपडा फाटेल पण खूण जाणार नाही. सासरे प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळी खूण द्यायचे, फुली, चांदणी, त्रिशूळ, काय सुचेल ते. पण इथे दर सहा आठवड्यांनी तीनशे नवी माणसं. मी माझी पद्धत काढली. उभ्या रेघा म्हणजे बराक, खालचे ठिपके म्हणजे खाट. तीन रेघा, पाच ठिपके, म्हणजे तिसऱ्या बराकीतली पाचवी खाट. मी चौथी शिकलेली बाई. कॅप्टननं ती पद्धत समजून घेतली आणि मोठ्यानं हसून माझ्याशी हात मिळवला. ह्यांना ते आवडलं नव्हतं, पण संध्याकाळी लॉरीत मुख्तारभायना तीनदा तेच सांगत होते.

"वयनी," मुख्तारभाय म्हणायचे, "तुमच्या बिब्ब्यानं गोऱ्याच्या मानेला खाज सुटली तर तक्रार थेट रानीकडं जाईल हां."

"जाऊ दे," मी म्हणायचे. "तिचेही कपडे पाठवा म्हणावं."

हे सगळं एकाहत्तर सालापर्यंत.

त्या वर्षी ऑगस्टात बहारीन स्वतंत्र झालं. इंग्रज वर्षअखेर जाणार आणि कॅम्प इथल्याच नव्या फौजेकडे जाणार, असं ठरलं. नव्या लोकांना धुलाईसाठी माणसं लागणारच होती, पण ती त्यांच्या मर्जीची. इंग्रज कॅप्टननं शिफारशीची चिठ्ठी दिली तर आम्ही राहणार होतो. नाही दिली तर व्हिसा संपणार आणि आम्ही गावी. गावी जायचं दुःख मला नव्हतं. पण आमची लेक रंभा त्याच जूनमध्ये मनामाच्या शाळेत जायला लागली होती. आमच्या घराण्यात पाटीला हात लावलेली मी पहिली, आणि इंग्रजी शाळेचा उंबरा ओलांडलेली ती पहिली. ती चिठ्ठी मला तिच्यासाठी हवी होती.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी इस्त्री संपली आणि टेबलावर एक शर्ट उरला.

असं कधी झालं नव्हतं. मी कॉलर उलटी केली. नऊ रेघा, दोन ठिपके.

नववी बराक नव्हतीच. आठव्या बराकीच्या पुढे समुद्राच्या बाजूला सिमेंटचं एक रिकामं जोतं होतं, गुडघ्याएवढं उंच. तिथे काही बांधायचं राहिलं होतं की बांधलेलं पाडलं होतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रंगरूट तिथे बसून सिगारेट ओढायचे.

ह्यांनी शर्ट उजेडात धरला. "शेवंते, हात तुझाच हाय. शेवटची रेघ बघ, तिरकी."

तिरकी होतीच. बिब्बा उतून माझी करंगळी लहानपणी आखडली आहे, त्यामुळे माझी शेवटची रेघ डावीकडे झुकते. ही खूण मी घातलेली होती, आणि मी ती घातलेली नव्हती.

"चुकून एक रेघ जास्त मारली असशील," हे म्हणाले.

"मी?"

त्यांनी शर्ट माझ्या हातात दिला.

मी आठव्या बराकीत जाऊन दुसऱ्या खाटेच्या पोराला शर्ट दाखवला. त्यानं अंगाला लावून पाहिला आणि मान हलवली. त्याचे सगळे कपडे त्याच्याकडे होते. शर्टाचं कापड जरा जाड होतं. गोड्या पाण्यातून दोनदा काढला तरी वाळल्यावर शिवणीत मिठाची पांढरी रेघ राहायची. कॉलरच्या आतल्या बाजूला तांबूस केस चिकटलेला होता. धुताना गेला. पुढच्या गुरुवारी आणखी एक शर्ट आला, त्याच खुणेचा, घामानं भिजलेला. त्याच्या कॉलरलाही तसाच केस.

इथे मी चूक केली, आणि ती फक्त परटिणीनंच करावी अशी. धन्याविना उरलेला कपडा म्हणजे आमच्यात अब्रूचा प्रश्न. सासरे म्हणायचे, फळीवर उरलेला कपडा परटाच्या तोंडावर थुंकतो. म्हणून मी ते शर्ट फळीवर ठेवले नाहीत. धुऊन, इस्त्री करून रंभाच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत घातले आणि पेटी सोड्याच्या पोत्यांमागे सरकवली. दर गुरुवारी एक. ह्यांनाही सांगितलं नाही. ह्यांना वाटलं, पहिलाच काय तो, आणि तो गेला असेल कुणाकडे.

डिसेंबर लागला. पलटणी निघून गेल्या. कॅम्पात तीसेक माणसं उरली, सामानाची तपासणी करणारी. सार्जंट पिकफर्ड नावाचा एक उंच, कोरड्या ओठांचा माणूस खोल्या बघत फिरत होता. त्याच्याबरोबर मुख्तारभाय. सोड्याची पोती हलवली आणि पेटी निघाली.

आठ शर्ट. एकावर एक, कडक इस्त्रीचे.

पिकफर्ड इंग्रजीत बोलला. थोडंच, पण हे पांढरे पडले. मुख्तारभायनी खाली बघत सांगितलं, "म्हनतो, फौजेचा माल लपवून ठेवलाय. जायच्या आधी विकायचा बेत असनार."

"चोरी?" मी म्हटलं.

"तो शब्द त्यानं काढला नाय, वयनी."

"पण म्हणायचं तेच आहे ना?"

मी कॉलरी उलट्या करून पिकफर्डपुढे धरल्या. खूण वाचून दाखवली. मुख्तारभाय सांगत गेले. पिकफर्डला माझी पद्धत ठाऊक होती. त्यानं बोटानं रेघा मोजल्या आणि हसला. खिडकीतून ओळीनं आठ बराकी दिसत होत्या.

"म्हनतो, नववी बराक दाखव."

"त्यांना सांगा," मी म्हटलं, "बराक कुठे आहे ते बघणं परटिणीचं काम नाही. माझी खूण चुकत नाही. आठ वर्षांत चुकली का, विचारा."

मुख्तारभायनी माझ्याकडे बघितलं. मग सांगितलं. पिकफर्डचं हसू गेलं. शनिवारी दुपारी कॅप्टन सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवर सह्या करणार होता. तोपर्यंत शर्टांचा धनी दाखवायचा, नाहीतर चिठ्ठी नाही आणि वर रिपोर्ट, असं सांगून तो निघून गेला.

 नईमला उतरल्यावर हे म्हणाले, "मला सांगायचं तरी हुतंस."

"सांगून तुम्ही काय केलं असतं?"

"फळीवर ठेवले असते उघड. चुकले म्हटलं असतं. माणूस चुकतो गे."

घरात रंभा नवीन शिकलेली इंग्रजी कविता म्हणत होती, हातवारे करून. मी तिचं ऐकत भाकऱ्या थापल्या. मला एकच कळत होतं. मी चुकले असं कबूल केलं तर कदाचित पिकफर्ड सोडून देईल. पण मग चिठ्ठीत काय लिहिणार? आणि मी चुकले नव्हते. शर्ट घाम येऊन मळून येत होते. मळतात म्हणजे कुणीतरी घालत होतं. खूण होती म्हणजे खाट होती. त्या माणसाचे कपडे आठ आठवडे आम्ही अडवून ठेवले होते. चोरी नसेल, पण दोष आमचाच होता.

शनिवारी शमाल सुटला होता. उत्तरेचा तो वारा सुटला की वाळू दातात येते आणि दोऱ्यांवरचे कपडे चाबकासारखे फडकतात. मी आठही शर्टांना पुन्हा इस्त्री फिरवली, बोचक्यात बांधले आणि डोक्यावर घेऊन बराकींच्या ओळीनं चालू लागले. आठव्या बराकीच्या पडवीत पिकफर्ड आणि मुख्तारभाय उभे होते. हे त्यांच्या मागे.

"वयनी, कुठं?"

"द्यायला," मी म्हटलं.

जोत्यावर वाळूचे फराटे उमटत होते. पहिली खाट दाराजवळ असते, दुसरी तिच्या शेजारी. अंदाजानं ती जागा धरली. बोचकं सोडून शर्ट सिमेंटवर ठेवले, कॉलर माझ्याकडे, जसे खाटेवर ठेवतो तसे. त्यांच्यावर दगड ठेवायचं मनात आलं. पण खाटेवरच्या कपड्यांवर कुणी दगड ठेवतं का?

मी मोठ्यानं म्हटलं, "बराक नऊ, खाट दोन." रोज म्हणायचे तसं.

माझा पदर वाऱ्यानं तोंडावर येत होता. शर्टांची बाहीसुद्धा हलली नाही.

आमच्यात दिलेल्या कपड्यांकडे बघत उभं राहत नाहीत. गिऱ्हाइकाला ते संशयासारखं वाटतं. मी पाठ फिरवली आणि परत आले. पन्नास-साठ पावलं असतील.

पडवीत पोचले तेव्हा पिकफर्डनं टोपी काढून हातात धरली होती. मुख्तारभायचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. आमचे हे खांबाला धरून उभे होते. तिघंही माझ्या मागे बघत होते, आणि मग हळूहळू त्यांची नजर डावीकडून उजवीकडे गेली, जसं कुणाला चालत जाताना आपण बघतो.

मी वळले. जोतं रिकामं होतं.

"खलास," मुख्तारभाय म्हणाले. एवढंच.

 अर्ध्या तासात कॅप्टनच्या सहीची चिठ्ठी, तोच ओटीवरचा कागद, पिकफर्डनं स्वतः आणून दिली, दोन्ही हातांनी. काय पाहिलं ते ह्यांनी मला कधी सांगितलं नाही. एकदा मी फार मागे लागले तेव्हा हे म्हणाले, "बूट नव्हते पायात." मग उठून विहिरीवर गेले.

आम्ही राहिलो. नवी फौज आली, नवी पोरं आली. अरबी बोलणारी, थट्टेखोर, आई म्हणून हाक मारणारी. माझी पद्धत तीच राहिली. दर गुरुवारी मळक्या ढिगात एक शर्ट असायचा, नऊ रेघांचा. मी तो धुऊन शनिवारी जोत्यावर ठेवायचे, हाक द्यायचे आणि वळायचे. पंधरा वर्षांत एक शनिवार चुकवला नाही. तापात ह्यांचा खांदा धरून गेले, पण गेले. नव्या अधिकाऱ्यांपैकी कुणी विचारलं तर मुख्तारभाय सांगायचे, "स्टोअरचं काम आहे." विषय संपायचा.

त्या माणसाचं वय वाढत होतं. हे मला कॉलरवरून कळलं. परटिणीपासून काय लपतं? पंच्याहत्तर-शहात्तरच्या सुमाराला कॉलर अर्ध्या इंचानं मोठी झाली. ऐंशीत पोटाजवळची बटणं ताणल्याच्या खुणा दिसू लागल्या. केस तांबूस होते ते राखाडी झाले. एका उन्हाळ्यात बाहीला औषधाचा वास होता. महिनाभर मला घोर लागला. मग वास गेला. मी ह्यांना म्हटलं, "बरा झाला वाटतं." ह्यांनी इस्त्रीवरून मान वर केली नाही.

खरं सांगते, भीती वाटली नाही. मला अभिमान होता. फौजा बदलल्या, झेंडा बदलला, आमचं गिऱ्हाईक तुटलं नाही.

शहाऐंशीत मोठ्या यंत्रांची लाँड्री आली आणि आमचं काम संपलं. रंभाचं लग्न होऊन ती दुबईला गेली होती. आम्ही गावी जायचं ठरवलं. तिकिटं रविवारची होती. शेवटच्या गुरुवारी मी ढीग स्वतः उपसला, दोनदा. नऊ रेघांचा शर्ट नव्हता.

 त्याला कळलं असेल का? का आजारी? शनिवारी दुपारी, रिकाम्या हातानं, मी जोत्याकडे गेले. वारा नव्हता. समुद्र मागे गेला होता आणि चिखल चकाकत होता.

सिमेंटवर कपडे ठेवलेले होते. दुसऱ्या खाटेच्या जागी नाही, तिच्या पुढे. दोन घड्या, एकमेकींपासून एका खाटेच्या अंतरावर.

एक ह्यांचा पांढरा सदरा. एक माझी हिरवी साडी. दोन्ही मी त्याच सकाळी नईमच्या खोलीत ट्रंकेत भरले होते. किल्ली माझ्या कमरेला होती.

धुतलेले होते. इस्त्री अशी, की माझ्याकडूनही झाली नसती. काठाला काठ. मी गुडघ्यावर बसले आणि सदऱ्याची कॉलर उलटी केली.

नऊ रेघा, तीन ठिपके.

साडीच्या पदराच्या आत, कोपऱ्यात: नऊ रेघा, चार ठिपके.

रेघा सरळ होत्या, शेवटचीसुद्धा. हात माझा नव्हता.

मी सगळीकडे पाहिलं. रंभाचं काही नव्हतं. पुन्हा पाहिलं. नव्हतं.

कपडे उचलून आणले. ह्यांना खूण दाखवली नाही. कॉलरच्या आत कोण बघतो? गावी आल्यावर मात्र एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटेना. बिब्ब्याचं तेल लावताना तपकिरी असतं, चुना लागला की घटकाभरात काळं होतं. या खुणांच्या रेघा काळ्या होत्या, ठिपके मात्र तपकिरीच राहिले. कितीही धुतलं तरी तसेच.

अठ्ठ्याऐंशीच्या श्रावणात ह्यांचा सदरा वाळत घालताना दिसलं, तिन्ही ठिपके काळे झालेत. नवव्या दिवशी हे गेले. झोपेत, त्रास न होता.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. रंभा फोनवर म्हणते, "आई, कम अँड स्टे विथ अस." मी म्हणते, बघू.

साडी मी दर महिन्याला काढून उजेडात धरते. तीन ठिपके काळे आहेत. चौथा गेल्या आठवड्यापासून कडेनं काळा होतोय.

काल तिला कांजी करून इस्त्री मारून ठेवली. आठ वर्षांचा कागद ओटीवर टांगलाय. त्या बराकीत आपला कपडा चुरगळलेला जायला नको.